घरातील दोन्ही संगणकांवर इंटरनेट चालते, पण ते एकमेकांना दिसत नाहीत

अक्षरजुळणी, कर्वेनगर

नमस्कार. आमच्या घरातील वायरलेस नेटवर्कची एक अडचण गेले दहा दिवस सुटत नाही. दिवाळी अंकांचे काम अंगावर आलेले असल्यामुळे ती लवकर सुटणे फार गरजेचे आहे, म्हणून सगळा तपशील एकदाच नीट लिहिते.

मी घरूनच अक्षरजुळणीचे आणि पानांच्या मांडणीचे काम करते. आमचे घर दोन मजली आहे. खालच्या मजल्यावर माझा डेस्कटॉप आहे आणि त्यावर अजूनही विंडोज १० आहे, कारण मांडणीचे जुने सॉफ्टवेअर आणि जुने फाँट त्यावरच नीट चालतात. वरच्या मजल्यावर सासूबाईंचा लॅपटॉप आहे, त्यावर विंडोज ११ आहे. सासूबाई मराठीच्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि माझ्या सगळ्या कामाचे मुद्रितशोधन त्याच करतात. डेस्कटॉपवर 'अंक' नावाचे एक फोल्डर शेअर केलेले आहे. मी पाने लावून पीडीएफ त्यात ठेवायची, त्यांनी ती वरूनच उघडून त्यावर खुणा करायच्या आणि मी त्या दुरुस्त्या खाली लावायच्या, अशी आमची पद्धत तीन वर्षे विनातक्रार चालू होती.

दहा दिवसांपूर्वी जुने कनेक्शन जाऊन फायबर आले. कंपनीच्या माणसाने खालच्या मजल्यावर नवी पेटी बसवली आणि तिच्यातच वाय-फाय आहे. मात्र मधल्या स्लॅबमुळे वरच्या खोलीत रेंज पोचत नाही, म्हणून त्याने आमचा जुना राउटर वर नेला, जिन्याच्या कडेने केबल ओढून तो नव्या पेटीला जोडून दिला आणि 'आता दोन्हीकडे नेट आहे' असे सांगून तो गेला. नेट खरोखरच दोन्हीकडे उत्तम आहे. पण त्या दिवसापासून लॅपटॉपवरच्या 'नेटवर्क'मध्ये डेस्कटॉप दिसेनासा झाला आहे. खालचा वाय-फाय प्रिंटरही लॅपटॉपला सापडत नाही.

मी एवढे करून पाहिले आहे: दोन्ही संगणक आणि दोन्ही पेट्या बंद करून पुन्हा चालू केल्या, फोल्डरचे शेअरिंग काढून पुन्हा दिले, आणि दोन्ही बाजूंनी पिंग केले (म्हणजे एका संगणकाकडून दुसऱ्याला छोटे पाकीट पाठवून उत्तर येते का ते पाहिले). त्यात मला न कळणारी एक गोष्ट दिसली. लॅपटॉपवरून डेस्कटॉपला पिंग केले तर चारही उत्तरे येतात आणि प्रत्येक ओळ अशी असते: '१९२.१६८.१.३४ कडून उत्तर, बाइट ३२, वेळ ३ मिलिसेकंद, टीटीएल १२७'. उलट डेस्कटॉपवरून लॅपटॉपला पिंग केले तर चारही वेळा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येते. वरून खाली रस्ता आहे आणि खालून वर नाही, असे कसे होऊ शकते?

सध्या आम्ही पेन ड्राइव्हवर काम करतो. परवा पेन ड्राइव्हमधली आदल्या दिवशीची फाइल डेस्कटॉपवरच्या नव्या फाइलवर चढली आणि एका सोळा पानी फर्म्यात लावलेल्या सगळ्या दुरुस्त्या गेल्या. सासूबाईंनी तो फर्मा रात्री बसून पुन्हा वाचला. त्यांच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, तरी दिवसातून चार-पाच वेळा त्या पेन ड्राइव्ह घेऊन खाली येतात, आणि ते मला पाहवत नाही. जाणकारांनी कृपया मार्ग सांगावा.

वारजे

संगणक नेटवर्कमध्ये न दिसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी विंडोजची सोय. दोन्ही संगणकांवरची फायरवॉल पूर्ण बंद करून पाहा. त्याने झाले नाही तर कंट्रोल पॅनेलमधील 'विंडोज फीचर्स'मध्ये जाऊन दोन्हीकडे एसएमबी १ (नेटवर्कवर फाइली शेअर करण्याची विंडोजची जुनी पद्धत) चालू करा. माझ्याकडे जुना संगणक असाच दिसत नव्हता आणि या दोन गोष्टी केल्यावर लगेच दिसू लागला.

सहकारनगर

वरील दोन्ही उपाय कृपया करू नयेत. सल्ला चांगल्या हेतूने दिलेला आहे यात शंका नाही, परंतु त्याने आपली अडचण सुटणार नाही आणि एक नवा धोका मात्र घरात येईल. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमची साथ जगभर पसरली, ती एसएमबी १ मधील त्रुटीचा आधार घेऊनच. तिच्यावरची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये आलेली होती, पण ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमधून मायक्रोसॉफ्टने एसएमबी १ काढून टाकायला सुरुवात केली. विंडोज १० आणि ११ एकमेकांशी नव्या एसएमबीवर बोलतात, त्यांना या जुन्याची गरज नाही. शिवाय विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. आपल्या सगळ्या अंकांच्या मूळ फाइली ज्या संगणकावर आहेत, नेमक्या त्याच संगणकाची फायरवॉल काढून ठेवणे मला अतिशय चुकीचे वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आपण पिंगची ओळ जशीच्या तशी लिहिली हे फार चांगले केले, कारण उत्तर त्या ओळीच्या शेवटच्या आकड्यात आहे.

विंडोजचा संगणक पिंगला उत्तर देतो तेव्हा त्या उत्तराच्या पाकिटावर १२८ हा आकडा घालून ते पाठवतो; हाच टीटीएल. पाकीट वाटेत ज्या ज्या राउटरमधून पार होते तो प्रत्येक राउटर त्या आकड्यातून एक वजा करतो, आणि आकडा शून्यावर आला की पाकीट टाकून दिले जाते. चुकलेले पाकीट जाळ्यात अनंतकाळ गोल फिरत राहू नये, एवढ्यासाठी ही सोय आहे. एकाच घरातले, एकाच नेटवर्कवरचे दोन संगणक एकमेकांना थेट पाकीट देतात, मध्ये वजाबाकी करणारा कोणी नसतो, म्हणून तिथे टीटीएल १२८ दिसायला हवा. आपल्याला १२७ दिसतो आहे. याचा अर्थ आपल्या लॅपटॉपच्या आणि डेस्कटॉपच्या मध्ये एक राउटर उभा आहे, आणि आपल्या घरात एक नव्हे तर दोन नेटवर्क तयार झाली आहेत. (हा हिशोब उत्तर देणारा संगणक विंडोजचा असेल तरच लावावा. लिनक्सवर चालणारी उपकरणे आणि बहुतेक फोन ६४ पासून मोजतात.)

हे असे घडले असणार. नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाला एक आकडी पत्ता मिळतो. नव्या पेटीने खाली १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचे नेटवर्क चालू केले. जुना राउटर वर नेला तेव्हा जिन्यातून आलेली केबल त्याच्या 'वॅन' किंवा 'इंटरनेट' असे लिहिलेल्या, बहुधा वेगळ्या रंगाच्या खोबणीत लावली गेली. त्यामुळे त्या राउटरने नव्या पेटीलाच बाहेरचे जग मानले आणि आपल्या मागे स्वतःचे वेगळे नेटवर्क थाटले. सासूबाईंचा लॅपटॉप त्या आतल्या नेटवर्कमध्ये आहे.

जुन्या वाड्याचे उदाहरण घेऊ. आतल्या चौकातल्या बिऱ्हाडकरूने पत्र लिहिले, मालकाने त्यावर पाठवणारा म्हणून स्वतःचे नाव घालून ते बाहेर दिले आणि उत्तर आले की आठवणीने आत पोचवले. इथपर्यंत सगळे सुरळीत चालते. पण बाहेरच्या कोणी थेट त्या बिऱ्हाडकरूच्या नावाने पत्र टाकले, तर गल्लीतल्या पोस्टमनला ते नाव माहीतच नसते आणि पत्र पोचत नाही. वरचा राउटर नेमके हेच करतो. म्हणून वरून खाली उत्तर येते आणि खालून वर येत नाही.

संगणक यादीत न दिसण्याचे कारणही हेच आहे. 'नेटवर्क'मधली यादी ही संगणकांनी एकमेकांना घातलेल्या हाकांवरून तयार होते आणि त्या हाका आपल्या नेटवर्कच्या भिंतीपुरत्याच ऐकू जातात, राउटर त्या पलीकडे नेत नाही. प्रिंटर शोधण्याची पद्धतही अशाच हाकेवर चालते. इंटरनेट दोन्हीकडे चालते यावरून नेटवर्क एकच आहे असे मात्र समजू नये. दोन वेगळ्या घरांतही इंटरनेट असतेच.

माझे म्हणणे गृहीत न धरता आधी खात्री करून घ्या. दोन्ही संगणकांवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' द्या आणि 'आयपीव्ही४ ॲड्रेस' (संगणकाचा पत्ता) व 'डीफॉल्ट गेटवे' (ज्या राउटरमधून तो बाहेर जातो त्याचा पत्ता) या दोन ओळी वहीत उतरवा. पत्त्याचा तिसरा भाग दोन्हीकडे वेगळा आला, तर माझा तर्क बरोबर आहे. एखादा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मात्र प्रकार वेगळा आहे. तसा पत्ता संगणक स्वतःच घेतो, राउटरकडून काहीच मिळाले नाही तेव्हा, आणि मग केबल किंवा वाय-फायच्या जोडणीपासूनच सुरुवात करावी लागेल.

आज रात्रीचे काम अडू नये म्हणून एक तात्पुरता मार्ग सांगतो. लॅपटॉपवर फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत \\१९२.१६८.१.३४\अंक असे टंकून एंटर द्या; आकडे अर्थातच इंग्रजी कळांनी. वरून खाली रस्ता उघडा आहे, त्यामुळे यादीत नाव नसले तरी फोल्डर उघडायला हवे.

अक्षरजुळणी, कर्वेनगर

सहकारनगर, मनापासून आभार. टीटीएलचा आकडा मी केवळ ओळ पूर्ण लिहायची म्हणून लिहिला होता. आपला तर्क तंतोतंत बरोबर निघाला. डेस्कटॉपचा पत्ता १९२.१६८.१.३४ आणि गेटवे १९२.१६८.१.१ आहे, लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.१०२ आणि गेटवे १९२.१६८.०.१ आहे. वरच्या राउटरच्या मागे पाहिले, तर केबल निळ्या खोबणीत आहे आणि खाली 'वॅन' असे लिहिले आहे.

आपण सांगितलेला पत्ता टंकला, तेव्हा फोल्डरऐवजी नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट आली. मी रोज डेस्कटॉप उघडताना जो चार आकडी पिन देते तो दिला, तर 'चुकीचा' म्हणून तीन वेळा नाकारला गेला. पूर्वी अशी चौकट कधीच येत नव्हती. पिन नक्की बरोबर आहे, त्याच पिनने मी आत्ता हा संगणक उघडला आहे.

औंध

पिन बरोबर असला तरी तो इथे चालणार नाही. विंडोजचा पिन ज्या संगणकावर ठरवला त्या संगणकासमोर बसूनच वापरता येतो. दुसऱ्या संगणकावरून आत यायचे असेल तर त्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो. आपण डेस्कटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने येत असाल, तर चौकटीत नावाच्या जागी ते ईमेल आणि पासवर्डच्या जागी त्या खात्याचा पासवर्ड द्यावा लागेल. वर्षानुवर्षे पिन वापरणाऱ्या पुष्कळ जणांना हा पासवर्ड आठवत नाही. पूर्वी चौकट येत नव्हती, कारण लॅपटॉपने तो पासवर्ड डेस्कटॉपच्या नावावर जपून ठेवलेला असणार. आज आपण नावाऐवजी आकडी पत्ता दिलात, आणि विंडोजच्या दृष्टीने ते वेगळे ठिकाण आहे, म्हणून त्याने पुन्हा विचारले.

माझ्या मते सासूबाईंसाठी डेस्कटॉपवर एक वेगळे स्थानिक खाते उघडणे सर्वांत सोयीचे होईल, म्हणजे आपल्या ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या संगणकावर टंकावा लागणार नाही. नाव इंग्रजी अक्षरांत, साधे ठेवा. पासवर्ड रिकामा ठेवू नका, कारण पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही. मग 'अंक' फोल्डरवर त्या खात्याला परवानगी दोन ठिकाणी द्यावी लागेल: एकदा 'शेअरिंग' या भागात आणि एकदा 'सिक्युरिटी' या भागात. या दोहोंपैकी जी परवानगी अधिक कडक असेल तीच लागू होते. शेअरिंगमध्ये लिहिण्याची मुभा आहे, पण सिक्युरिटीमध्ये फक्त वाचण्याची, असे झाले तर फाइल उघडेल आणि खुणा करून सेव्ह करताना मात्र अडेल.

बाणेर

विषय जवळचा आहे म्हणून विचारतो. माझ्याकडे एकच राउटर आहे आणि दोन्ही संगणकांचे पत्ते एकाच मालिकेतले आहेत. तरी कार्यालयाच्या लॅपटॉपवरून घरचा प्रिंटर कधी सापडतो आणि कधी नाही. कार्यालयाचे व्हीपीएन (इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित सोय) चालू असताना तो हमखास सापडत नाही, असे आता लक्षात येत आहे.

सहकारनगर

बाणेर, आपले निरीक्षणच उत्तर आहे. पुष्कळ कंपन्यांचे व्हीपीएन लॅपटॉपची सगळी वाहतूक स्वतःच्या बोगद्यातून नेते आणि घरातल्या नेटवर्कशी बोलणे मुद्दाम बंद ठेवते. त्यात आपण ढवळाढवळ करू नये. छापायचे असेल तेव्हा नियमात बसत असेल तर व्हीपीएन तेवढ्यापुरते थांबवा, नाहीतर प्रिंटरला यूएसबी केबल लावा. व्हीपीएन बंद असतानाही कधी प्रिंटर सापडला नाही, तर तो लॅपटॉप 'गेस्ट' नावाच्या वाय-फायला जोडला गेला नाही ना, तेवढे पाहा. पाहुण्यांसाठीच्या त्या नेटवर्कमध्ये उपकरणे एकमेकांपासून वेगळीच ठेवलेली असतात.

अक्षरजुळणी, आता आपल्याकडे वळतो. औंध यांनी सांगितले ते खाते आजच उघडा, त्याने आजची रात्र निभावेल. वरच्या राउटरची कायमची व्यवस्था रविवारी, हातात निवांत तासभर असताना करा. काम अवघड नाही, पण क्रम चुकला तर माणूस गोंधळतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याला वरच्या राउटरचे राउटरपण काढून घ्यायचे आहे. त्याने फक्त वाय-फाय पसरवावे, पत्ते वाटण्याचे काम खालच्या पेटीकडेच राहावे. काही राउटरांच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असा तयार पर्याय असतो. तो असेल तर तेवढाच निवडा, बाकीचे तो स्वतः करतो. तो नसेल तर हाताने करावे लागेल.

सर्वप्रथम खालच्या पेटीच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टंकून, डीएचसीपीचे, म्हणजे उपकरणांना आपोआप दिले जाणारे, पत्ते कुठून कुठपर्यंत वाटले जातात ते पाहा. त्या पानाचे नाव आणि पासवर्ड बहुधा पेटीच्या खालच्या बाजूच्या कागदावर छापलेले असतात. पत्त्याचा शेवटचा आकडा २ पासून सुरू होत असेल तर तो १० पासून सुरू करा, म्हणजे वरच्या राउटरसाठी १९२.१६८.१.२ हा पत्ता मोकळा राहील. दोन उपकरणांना एकच पत्ता मिळाला, तर कधी हे चालते, कधी ते चालते, असा प्रकार सुरू होतो आणि तो शोधणे फार जिकिरीचे असते.

त्यानंतर वर जा आणि जिन्यातून आलेली केबल राउटरमधून काढून बाजूला ठेवा. ही पायरी विसरू नका. केबल वॅनमध्ये असतानाच आतला पत्ता १९२.१६८.१ च्या मालिकेत नेला, तर राउटरच्या दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क येते आणि बरेच राउटर ते स्वीकारत नाहीत. लॅपटॉप एका छोट्या केबलने राउटरच्या 'लॅन' (घरातल्या उपकरणांसाठीच्या) खोबणीला जोडा, कारण वाय-फायवरून सेटिंग बदलताना मध्येच जोडणी तुटते. आता १९२.१६८.०.१ हे पान उघडून राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा आणि सेव्ह करा. राउटर पुन्हा सुरू होईल आणि आपल्यासमोरचे पान बंद पडेल. तेव्हा घाबरू नका, पान नव्या पत्त्यावर गेलेले असते. १९२.१६८.१.२ टंकून ते पुन्हा उघडा आणि डीएचसीपी बंद करा. तिथेच वाय-फायच्या भागात 'एपी आयसोलेशन' (वाय-फायवरची उपकरणे एकमेकांपासून वेगळी ठेवणारी सोय) नावाची खूण असेल तर ती काढलेली आहे ना ते पाहा. शेवटी जिन्यातली केबल वॅनमध्ये न लावता चार सारख्या लॅन खोबणींपैकी एकीत लावा.

वर आणि खाली वाय-फायचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवले, तर लॅपटॉप ज्या मजल्यावर जाईल तिथल्या पेटीला आपोआप जोडला जाईल. मात्र २.४ गिगाहर्ट्झचे चॅनल दोन्हीकडे वेगळे ठेवा. १, ६ आणि ११ ही तीन चॅनल एकमेकांवर चढत नाहीत. खाली १ ठेवले तर वर ६ किंवा ११ ठेवावे.

अजून एक. खालच्या पेटीत डेस्कटॉपसाठी आणि प्रिंटरसाठी पत्ते राखून ठेवा; त्याला बहुधा 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' म्हणतात. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि तासाभराने सगळी उपकरणे एकदम चालू झाली, की पत्त्यांची अदलाबदल होऊ शकते. मग काल चाललेला प्रिंटर आज 'ऑफलाइन' दिसतो आणि दोष उगाच प्रिंटरवर जातो.

आणि एक विनंती: एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर पिंग करून पाहा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर अडचण सुटली तरी कशाने सुटली ते कळत नाही, आणि बिघडली तर कुठून परतायचे तेही कळत नाही.

वारजे

फायरवॉलचा सल्ला मी मागे घेतो. माझ्या घरी ती वर्षभर बंदच होती, आज दोन्ही संगणकांवर चालू केली. संगणक अजूनही एकमेकांना दिसत आहेत, म्हणजे माझ्याकडेही खरे कारण काही वेगळेच होते. एसएमबी १ सुद्धा काढून टाकले आहे.

अक्षरजुळणी, कर्वेनगर

रविवारी सकाळी काम पूर्ण केले. कोणाला पुढे उपयोग व्हावा म्हणून जे घडले ते क्रमाने लिहिते.

शुक्रवारी रात्रीच औंध यांनी सांगितल्याप्रमाणे सासूबाईंचे वेगळे खाते उघडले आणि आकडी पत्त्याने फोल्डर उघडले. पहिल्या प्रयत्नात फाइल उघडली पण सेव्ह होईना. सिक्युरिटीच्या भागात त्यांच्या नावापुढे फक्त वाचण्याची खूण होती. 'मॉडिफाय'ची खूण केल्यावर सेव्ह झाली. ही सूचना आधी वाचलेली नसती, तर मी पुन्हा राउटरलाच दोष देत बसले असते.

रविवारी राउटरचे काम आपण लिहिलेल्या क्रमानेच केले. आमच्या राउटरमध्ये तयार पर्याय नव्हता, म्हणून हाताने केले. पत्ता बदलल्यावर पान नाहीसे झाले, तेव्हा आपले वाक्य आठवले आणि नव्या पत्त्यावर ते लगेच उघडले. डीएचसीपी बंद करून केबल दुसऱ्या खोबणीत बसवली, ती 'कट्' असा आवाज करून बसली, आणि लॅन १ चा हिरवा दिवा लागला. पुन्हा कोणी चुकून केबल निळ्या खोबणीत लावू नये म्हणून त्या खोबणीवर कागदाची पट्टी चिकटवून ठेवली आहे.

लॅपटॉपला आता १९२.१६८.१.४१ हा पत्ता मिळाला. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. मी पिंग केले आणि त्यांनीच मोठ्याने वाचले, 'टीटीएल १२८'. टीटीएल म्हणजे काय ते मी त्यांना आदल्या रात्री सांगितले होते, त्यामुळे त्याही त्या आकड्याची वाट पाहत होत्या.

तरीही यादीत डेस्कटॉप आला नाही, आणि खालून वर पिंगही अजून जात नव्हते. क्षणभर वाटले की सगळे मुसळ केरात गेले. मग सेटिंगमध्ये वाय-फायच्या गुणधर्मांत पाहिले, तर लॅपटॉपने बदललेल्या नेटवर्कला नवे समजून 'पब्लिक' गटात टाकले होते. डेस्कटॉपवर फायबर आले त्या दिवशीच तसा प्रश्न आला होता आणि मी 'होय' म्हटले होते, म्हणून तो 'प्रायव्हेट'मध्ये होता. लॅपटॉपवरही 'प्रायव्हेट' निवडले, नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल व प्रिंटर शेअरिंग चालू केले, आणि अर्ध्या मिनिटात डेस्कटॉप आणि प्रिंटर दोन्ही यादीत आले. खालून वर पिंगची चारही उत्तरे आली. फायरवॉल दोन्हीकडे पूर्ण वेळ चालूच होती.

आता एकच शंका उरली आहे. काही अंकांच्या पीडीएफ चित्रांमुळे दोनशे एमबीच्या पुढे जातात. त्या सासूबाईंनी थेट शेअर केलेल्या फोल्डरमधूनच उघडून सेव्ह केल्या तर चालेल का? संध्याकाळी वरचे वाय-फाय कधी कधी क्षणभर तुटते.

सहकारनगर

वाचून फार समाधान वाटले. 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' ही गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती. नेटवर्क बदलले की विंडोज हा निर्णय नव्याने घेते आणि सावधगिरी म्हणून 'पब्लिक' धरते. उपाहारगृहातल्या वाय-फायवर तेच योग्य असते, त्यामुळे लॅपटॉप बाहेर नेला तर तिथे 'प्रायव्हेट' निवडू नका.

मोठ्या फाइली थेट फोल्डरमधून सेव्ह करू नयेत. सेव्ह चालू असताना जोडणी तुटली तर फाइल अर्धवट लिहिली जाऊ शकते आणि मग ती उघडत नाही. सासूबाईंनी पीडीएफ लॅपटॉपवर उतरवून घ्यावी, तिथे खुणा कराव्यात आणि नावाच्या शेवटी तारीख व वाचनाचा क्रमांक घालून परत 'अंक'मध्ये ठेवावी. मूळ फाइलवर ती कधीच चढवू नये, म्हणजे परवासारखा फर्मा पुन्हा जाणार नाही. आपण सोसलेले नुकसान नेटवर्कमुळे तर झालेच, पण दोन प्रतींचे नाव एकच असल्यामुळेही झाले.

वायर जिन्यातून वर आलेलीच आहे, तर तिचा आणखी एक उपयोग करून घ्या. वरच्या राउटरच्या उरलेल्या लॅन खोबणीतून सासूबाईंच्या मेजापर्यंत केबल नेली, तर बसल्या जागी काम करताना वाय-फायची गरजच राहणार नाही. अशी एक केबल शंभर मीटरपर्यंत चालते, आपल्याला पाच-सात मीटर पुरेल. लॅपटॉपला केबलची खोबण नसेल तर यूएसबीचा छोटा जोड मिळतो. केबल लावल्यावर विंडोज तिला पुन्हा नवे नेटवर्क समजेल, तेव्हा 'प्रायव्हेट' एकदा तपासून घ्या.

अक्षरजुळणी, कर्वेनगर

केबल आजच आणते. फाइलींची नावे आम्ही तारीख आणि वाचन क्रमांक घालून बदलायला घेतली आहेत. पहिला फर्मा दुसऱ्या वाचनासाठी आत्ताच वर गेला आहे, आणि सासूबाईंना खाली यावे लागले नाही.